तोंडातली न भरणारी जखम आणि दिवसांचा हिशेब

खर्रा घोटताना न पाहिलेला माणूस नागपुरात सापडणं कठीण. जाड पन्नीवर कातरलेली सुपारी, वर तंबाखू, बोटभर ओला चुना. मग पन्नी दुमडायची आणि तळहाताचा दाब देत घासत राहायची, सुपारीला चुना-तंबाखू सगळीकडून चिकटेपर्यंत. त्याची पुडी होते, खिशात जाते आणि चिमूट चिमूट करून दिवसभर गालफडात बसते. बहुतेकांचा गाल ठरलेला असतो, डावा तर डावा. पुढे गाठ निघते ती बहुधा त्याच गालात.

घोटल्याने चव वाढते एवढंच खाणाऱ्याला ठाऊक असतं. प्रत्यक्षात त्या पन्नीवर तीन गोष्टी एकमेकींना हात देत असतात. चुन्यामुळे मिश्रण क्षारी झालं की तंबाखूतलं निकोटीन सुटं होतं आणि गालाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरतं. ‘किक’ लागते ती चुन्यामुळे. तोच चुना अस्तराला भाजतो. भाजलेल्या जागी नव्या पेशी पुन्हा पुन्हा तयार होत राहतात आणि त्या गडबडीतच तंबाखूतली नायट्रोसामाइन ही विषारी रसायनं पेशींच्या जनुकांत बिघाड करतात. तिसरी सुपारी. तिच्यातलं अरेकोलिन अस्तराखाली कोलॅजनचे धागे वाढवतं आणि सुपारीतलं तांबं ते धागे घट्ट विणणाऱ्या एन्झाइमला जोर देतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच, तंबाखूविना, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्यामुळे ‘तंबाखू सोडली, आता नुसती सुगंधी सुपारी खातो’ हा दिलासा खोटा आहे. सुपारी सोडली नाही तर अर्धा आजार तोंडातच राहतो.

धागे विणले गेल्याची पहिली खूण म्हणजे झोंबणं. जन्मभर सावजी रस्सा पचवलेल्या माणसाला घरचं साधं वरण तिखट लागायला लागतं. मग गालाचं आतलं अस्तर पांढरट, संगमरवरासारखं दिसतं; बोट फिरवलं तर आत दोरीसारख्या उभ्या पट्ट्या लागतात. पुढे तोंड उघडायचं कमी होतं. पाणीपुरी एका घासात जात नाही, ती फोडून खावी लागते. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. घरी तपासायला साधन लागत नाही: स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. तिन्ही मावली तर ठीक. दोनच मावत असतील तर दंतवैद्याकडे जायची वेळ झाली आहे. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर उघडतं.

हा आजार खर्रा सोडल्यावरही मागे फिरत नाही, पण पुढे सरकण्याचा वेग मंदावतो. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांवर १७ वर्षं नजर ठेवली गेली, तेव्हा त्यांच्यातल्या ७.६ टक्के लोकांना तोंडाचा कर्करोग झाला. आखडलेल्या तोंडाचा आणखी एक धोका फारसा बोलला जात नाही. तोंडच उघडत नाही, म्हणून मागच्या दाढेजवळची जखम ना आरशात दिसते ना डॉक्टरच्या टॉर्चला. अशा माणसाची तपासणी तीन-चार महिन्यांनी जाणत्या हाताकडून व्हायलाच हवी.

किती दिवस थांबायचं

साधा छाला आठ-दहा दिवसांत भरतो. दात लागून झालेली जखम दाताची धार घासून घेतली की दोन आठवड्यांत भरते. दोन आठवड्यांत जिचा आकार कमी झाला नाही ती जखम दाखवायची. तीन आठवडे ही शेवटची मर्यादा समजायची. कर्करोगाची जखम सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि घात होतो तो इथेच. तिची कड वर उचललेली आणि बोटाला कडक लागते, हात लागला की रक्त येतं. पांढऱ्या चट्ट्यापेक्षा मखमली लाल चट्टा जास्त घातक. कारण नसताना एकच दात हलायला लागणं, जबड्याखाली न दुखणारी गाठ, त्याच बाजूच्या कानात कळ येणं, खालचा ओठ बधिर होणं, ही सगळी दाखवण्यासारखी लक्षणं आहेत.

गाडी कुठे चुकते ते सांगतो, कारण ती ठरलेल्या जागीच चुकते. आधी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायची जेल यांत महिना जातो. मग हलणारा दात उपटला जातो. खड्डा भरत नाही, उलट त्यातून मांस वर येतं. तोवर तीन महिने उलटलेले असतात. दात काढल्यावर महिन्याभरात खड्डा भरला नाही तर तिथला तुकडा तपासायला पाठवलाच पाहिजे.

बायप्सीला लोक घाबरतात ते ‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ या समजुतीने. तोंडाच्या कर्करोगात तपासणीसाठी तुकडा काढल्याने रोग पसरतो याला आधार नाही. तुकडा न काढता घालवलेल्या महिन्यांत तो नक्की पसरतो. जागा बधिर करून काही मिनिटांत काम होतं. तुकडा जखमेच्या कडेवरून घ्यायला हवा, मधोमध मेलेलं मांस असतं आणि रिपोर्टमध्ये नुसती सूज निघते. रिपोर्ट ‘काही नाही’ आला आणि जखम तशीच राहिली तर पुन्हा बायप्सी मागायची, रिपोर्टवर विसंबून बसायचं नाही. दुसरी गोष्ट: लहान दिसते म्हणून कोणी पूर्ण जखमच कापून काढायला निघालं तर थांबवा. गाठ किती खोल होती, कड कुठवर होती, याचा पत्ताच मग लागत नाही आणि नंतर मोठी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला अंधारात कापावं लागतं.

नागपुरात ही तपासणी करायला लांब जावं लागत नाही. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. मेडिकल आणि मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आहेतच. मानेवाडा रस्त्याच्या बाजूचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि मिहानमधलं एम्स इथे चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतची माणसं येतात. रेशन कार्ड आणि आधार पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण मंजुरी उपचार सुरू होण्याआधी घ्यावी लागते. पैसे भरून शस्त्रक्रिया झाल्यावर कागद दिले तर उपयोग होत नाही.

मान कशाला कापायची?

बायप्सी पक्की झाली की स्कॅन. गालाच्या गाठीसाठी सीटी करताना तंत्रज्ञ गाल फुग्यासारखे फुगवून धरायला सांगतो. हे गमतीचं वाटतं, पण गाल आणि हिरडी एरवी एकमेकांना चिकटलेली असतात. हवा भरली की दोन्ही सुटी दिसतात आणि गाठ नेमकी कोणावर आहे ते कळतं. हिरडीवर असेल तर जबड्याचं हाड जाणार की राहणार, हा प्रश्न त्यावर ठरतो. म्हणून आदल्या दिवशी आरशासमोर गाल फुगवून श्वास नाकाने घ्यायचा सराव करून जावं. जिभेच्या गाठीला एमआरआय चांगला. पेट स्कॅन प्रत्येकाला लागत नाही.

आता घरोघरी विचारला जाणारा प्रश्न. गाठ गालात, तीही सुपारीएवढी. मानेला काही लागत नाही, स्कॅनमध्ये काही नाही. मग डॉक्टर मानही उघडायची का म्हणतात?

या प्रश्नाचं उत्तर जगाला मुंबईने दिलं. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान गाठ असलेल्या आणि मान स्वच्छ दिसणाऱ्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटात तोंडाच्या शस्त्रक्रियेसोबतच मानेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढल्या. दुसऱ्यात फक्त तोंडाची शस्त्रक्रिया केली, मानेवर नजर ठेवली आणि गाठ आली तरच मान उघडली. २०१५ साली ५०० रुग्णांचा निकाल छापून आला. आधीच मान साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. वाट पाहणाऱ्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे अशा आठ जणांची मान वेळेवर उघडली तर त्यातल्या एकाचा जीव वाचतो. कारण साधं आहे: लसिका गाठीतला तांदळाच्या कणीएवढा कर्करोग बोटाला लागत नाही आणि सीटीलाही दिसत नाही. तो दिसण्याइतका होतो तोवर अनेकदा गाठीचं कवच फोडून बाहेर आलेला असतो.

त्याची किंमतही सांगायला हवी. खांदा उचलणारी नस मानेतून जाते. ती जपली तरी ताणली जाते आणि काही महिने हात डोक्यावर नेताना खांदा दुखतो. टाके सुकले की लगेच खांद्याचे व्यायाम सुरू केले नाहीत तर सांधा आखडतो. भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढत जायचं, दिवसातून तीन वेळा, हा त्यातला सर्वांत सोपा.

तोंडातली गाठ कापताना सर्जन चहूबाजूंनी साधारण १ सेंटिमीटर चांगलं मांस सोबत घेतो. तुकडा फॉर्मालिनमध्ये आक्रसतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली निदान ५ मिलिमीटर मोकळी कड मिळाली की ती पुरेशी धरतात. झालेला खड्डा छातीच्या स्नायूने, मनगटाच्या आतल्या कातडीने किंवा, हाड गेलं असेल तर, पायाच्या बारीक हाडाने भरतात.

घरी जाताना जो कागद मिळतो त्यात चार गोष्टी शोधा. कड किती मिलिमीटर मोकळी. गाठीची खोली किती: २०१८ पासून लागू झालेल्या, कर्करोगाचा टप्पा ठरवायच्या पद्धतीत रुंदीइतकंच खोलीला वजन आहे, २ सेंटिमीटरची गाठही ५ मिलिमीटरहून खोल असेल तर पहिल्या टप्प्यात बसत नाही. मानेतल्या किती लसिका गाठी तपासल्या आणि कितींत रोग निघाला; तपासलेल्या १८ किंवा जास्त असाव्यात. आणि चौथी, सगळ्यांत महत्त्वाची: रोग लसिका गाठीच्या कवचाबाहेर आला आहे का. कड रोगमुक्त नसेल किंवा कवच फुटलं असेल तर नुसता शेक (रेडिएशन) पुरत नाही, त्याच्या जोडीला केमो लागते. युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांनी २००४ मध्ये ही रेघ आखून दिली आणि ती अजून पुसली गेलेली नाही.

शेकाचं कॅलेंडर

रेडिएशनला कोणी शेक म्हणतं, कोणी करंट. नाव काहीही द्या, त्याची एक शिस्त आहे: शस्त्रक्रियेनंतर ६ आठवड्यांच्या आत सुरू, मग सोमवार ते शुक्रवार रोज एक, एकूण ३० वेळा, मात्रा ६० ग्रे (ग्रे हे शेक मोजायचं एकक). कवच फुटलेलं असेल तिथे ६६ पर्यंत. ऑपरेशनच्या टेबलापासून शेवटच्या शेकापर्यंत ११-१२ आठवड्यांत सगळं संपायला हवं.

सहा आठवडे ऐकायला भरपूर वाटतात. जखम सुकायला दोन-तीन जातात, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यायला एक-दीड, दात काढायचे असतील तर शेकाआधी निदान दोन ते तीन आठवडे हिरडी भरायला द्यावी लागते, मग चेहऱ्याचा प्लास्टिकचा साचा, सीटी आणि संगणकावरचं नियोजन यांत आणखी आठवडा. एकामागोमाग एक करत बसलं तर दोन महिने उडून जातात. म्हणून ही कामं एकमेकांवर चढवायची: किडलेले दात शस्त्रक्रियेच्या बेशुद्धीतच काढून घ्यायला सांगा, आणि टाके काढायला जाल त्याच दिवशी रेडिएशनच्या ओपीडीत नाव घाला, रिपोर्टची वाट पाहत घरी बसू नका.

एकदा सुरू झालं की मधे खंड नको. शेकाने बहुतेक कर्करोग पेशी मरतात, पण उरलेल्या पेशी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पूर्वीपेक्षा जास्त वेगाने वाढायला लागतात. त्यामुळे उपचाराचा काळ एका दिवसाने लांबला की त्या जागचा रोग आटोक्यात राहायची शक्यता साधारण एक टक्क्याने, किंवा थोडी जास्तच, घटते. दिवाळीचे चार दिवस, घरचं लग्न, कापूस वेचणीचा आठवडा: दहा दिवस गेले तर दहा टक्के गेले. खंड बहुतेक वेळा चौथ्या आठवड्यात पडतो, कारण तोंड तोवर खूप सोलवटलेलं असतं आणि माणूस म्हणतो, जरा बरं वाटलं की येतो. ते नेमकं उलट आहे. मशीन बंद पडून किंवा सुट्टीमुळे दिवस बुडालाच तर शनिवारी शेक घेऊन किंवा एका दिवशी सहा तासांच्या अंतराने दोनदा घेऊन तो भरून काढता येतो; तसं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. गावाहून रोज येणं जमणार नसेल तर रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे राहण्याची सोय आधीच विचारा. रेल्वेने येणाऱ्या कर्करोग रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं उपचारासाठी पूर्ण माफ आहे, सोबतच्याला त्यात ७५ टक्के सूट. रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तोंड लाल होतं, तिसऱ्यात पांढरे पापुद्रे, लाळ चिकट दोऱ्यासारखी, चव गेलेली. एक कप कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ, दर दोन-तीन तासांनी खळखळून थुंकायचं. बाजारातले अल्कोहोल असलेले झणझणीत माउथवॉश अजिबात नको. बेन्झिडामाइनच्या गुळण्यांनी दुखणं उशिरा आणि कमी सुरू होतं, म्हणून त्या पहिल्या आठवड्यापासूनच. दुखणं वाढलं तर मॉर्फिनला भिऊ नका. दुखत नसेल तर जेवण जातं, आणि जेवण गेलं तर शेक पूर्ण होतो.

जेवणाचा हिशेब घरच्यांच्या हातात असतो, आणि तिथे जीव तोडून सेवा करणारी घरंही फसतात. ५० किलोच्या माणसाला या दिवसांत रोज १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. गिळता येत नाही म्हणून नाकातून घातलेल्या नळीतून दिवसभर डाळीचं पाणी, नारळपाणी आणि पेज गेली तर पोट भरलेलं दिसतं, पण त्या २०० मिलीत पन्नास कॅलरीही नसतात. तेवढ्याच म्हशीच्या दुधात साधारण २०० असतात. दुधात दूध पावडर, उकडलेलं अंडं, भाजलेल्या डाळीचं पीठ शिजवून, चमचाभर तेल. मिक्सरमधून काढायचं आणि फडक्याने गाळायचं, नाहीतर नळी तुंबते. दर दोन-अडीच तासांनी २०० मिली, दिवसातून आठ वेळा. रुग्णाला बसतं करून द्यायचं आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. प्रत्येक वेळी शेवटी ३० मिली साधं पाणी, नळी धुण्यासाठी. वजन दर सोमवारी, एकाच काट्यावर. आणखी एक कारण आहे वजनाकडे डोळा ठेवण्याचं: चेहरा बारीक झाला की प्लास्टिकचा साचा सैल बसतो आणि शेक आखलेल्या जागेवरून हलतो.

केमो: किती आणि कोणती

शेकाच्या जोडीला दिली जाणारी मुख्य केमो म्हणजे सिस्प्लॅटिन. शरीराच्या दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांनी एकदा, ही जुनी पद्धत. ती झेपत नाही म्हणून आपल्याकडे दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम द्यायची प्रथा पडली. टाटा मेमोरियलमध्ये दोन्ही पद्धती समोरासमोर तपासल्या आणि २०१८ साली निकाल छापला तेव्हा दोन वर्षांनी रोग जागेवर आटोक्यात राहिलेले ७३.१ टक्के विरुद्ध ५८.५ टक्के निघाले. साप्ताहिक ३० कमी पडली. पुढे २०२२ मध्ये जपानी चाचणीने दाखवलं की आठवड्याला ४० मिलिग्रॅम दिलं तर शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांत ते जुन्या पद्धतीपेक्षा कमी ठरत नाही आणि सोसायला सोपं जातं. दहा मिलिग्रॅमचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, म्हणूनच इतकं विस्ताराने सांगितलं. सगळे डोस मिळून चौरस मीटरला २०० मिलिग्रॅम पोहोचले का, हे डॉक्टरांना विचारत राहावं.

सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर आणि कानावर बसतं. सलाइनसोबत मिळतं तरी पुढचे तीन दिवस रोज अडीच-तीन लिटर द्रव पोटात गेलं पाहिजे. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर तापतं. उलट्या, न गिळणारं तोंड आणि बसचा प्रवास मिळून शरीर कोरडं पडतं आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा बिघाड दाखवणारा रक्तातला आकडा) चढतं. या काळात दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नये, सिस्प्लॅटिन आणि या गोळ्या मिळून मूत्रपिंडाचा घात करतात. कानात घूं आवाज यायला लागला तर पुढच्या डोसाआधी सांगायचं.

ज्यांना हे औषध देताच येत नाही, मूत्रपिंड कमजोर आहे किंवा ऐकू कमी येतं, त्यांना पूर्वी नुसता शेक मिळे. टाटाच्याच चाचणीत अशा रुग्णांना शेकाबरोबर डोसिटॅक्सेल आठवड्याला चौरस मीटरमागे १५ मिलिग्रॅम दिलं. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ४१.७ वरून ५०.८ टक्क्यांवर गेलं. स्वस्त, जुनं, सगळीकडे मिळणारं औषध. अशा संशोधनाची आपल्याला सगळ्यांत जास्त गरज आहे.

आता रोग परतला असेल किंवा शस्त्रक्रियेपलीकडे गेला असेल त्यांच्याविषयी. इथे उपचार रोग मुळापासून काढत नाहीत, आयुष्य वाढवतात आणि दुखणं कमी करतात. हे घरच्यांनी आधी समजून घ्यावं. २०२० मध्ये दाखवून झालं की घरी घ्यायच्या दोन जुन्या गोळ्या, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब, शिरेतून दिलेल्या सिस्प्लॅटिनपेक्षा सरस ठरतात: मध्यम आयुष्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) ७.५ महिने विरुद्ध ६.१. इथे एक चूक जिवावर बेतते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी कोसळतात. डब्यावर वार लिहून ठेवा.

प्रतिकारशक्तीला कर्करोग ओळखायला लावणारं निवोलुमॅब जगभर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम या हिशेबाने देतात. तो खर्च इथल्या बहुतेक घरांच्या आवाक्यात नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी विचारलं, इतकं लागतं का? त्यांनी तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम दिलं, सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिबच्या गोळ्या. नुसत्या गोळ्या घेतलेल्यांपैकी वर्षाअखेर १६.३ टक्के जिवंत होते. त्यात २० मिलिग्रॅम निवोलुमॅब मिसळल्यावर ४३.४ टक्के. निकाल २०२२ साली छापला गेला. ४० मिलिग्रॅमची बाटली दोघांना पुरते, म्हणून दोन रुग्णांना एकाच दिवशी बोलावता आलं तर दोघांचाही खर्च निम्मा होतो. डॉक्टरांना तसं विचारा.

अलीकडची मोठी भर जून २०२५ मधली. शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा पण पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांना निवोलुमॅबच्याच जातीच्या पेम्ब्रोलिझुमॅबचे दोन डोस आधी आणि पंधरा नंतर दिल्यावर रोग परतण्याआधीचा मध्यम काळ ३०.४ महिन्यांवरून ५१.८ महिन्यांवर गेला, आणि अमेरिकेत त्यातल्या ठराविक रुग्णांसाठी त्याला परवानगी मिळाली. आकडा मोठा आहे. पण सतरा डोसांचा खर्च कोण करणार हा प्रश्न आधी सोडवल्याशिवाय, या औषधाच्या आशेवर शस्त्रक्रियेची मिळालेली तारीख सोडणं धोक्याचं आहे. गालातली गाठ वाट पाहत नाही.

नंतरचं तोंड

शेक संपला की जबड्याचे स्नायू आतून आखडायला लागतात, आणि हे काम वर्षभर चालूच असतं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या घ्या, एकावर एक रचून पुढच्या दातांत घाला. न दुखता मावतात त्याहून एक जास्त, ती सरकवून ताण धरा. पाच वेळा ताण, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट, दिवसातून पाचदा. आज किती काड्या गेल्या ते कॅलेंडरवर लिहायचं. आठवड्यात एक काडी कमी झाली तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. आठवडाभर सगळं ठीक असताना अचानक दोन-तीन काड्या कमी झाल्या तर मात्र सर्जनला. ते रोग परतल्याचंही लक्षण असू शकतं.

लाळ कमी झालेल्या तोंडात दात झपाट्याने किडतात. फ्लोराइडची जेल रोज, आयुष्यभर. शेक लागलेल्या भागातला दात मात्र कोणत्याही दवाखान्यात असाच उपटून घ्यायचा नाही, दहा वर्षांनीसुद्धा. तिथल्या हाडाचा रक्तपुरवठा आटलेला असतो आणि खड्डा न भरता हाडच कुजतं. दंतवैद्याला शेकाचा कागद आधी दाखवायचा. मानेला शेक बसल्याने थायरॉइड मंदावते, म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी. थकवा, वजन वाढणं, आवाज जड होणं याला लोक कॅन्सरचा अशक्तपणा समजून बसतात. गोळी साधी असते.

आणि खर्रा. उपचार झाल्यावरही तो चालू राहिला तर उरलेल्या गालात दुसरा, नवा कर्करोग होऊ शकतो. तोंड आखडलेल्याला निकोटीनचं च्युइंगगम चावता येत नाही, त्याला कातडीवर चिकटवायची पट्टी मागावी. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर फोन मोफत आहे. पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा, मग पाच वर्षांपर्यंत चार ते आठ महिन्यांनी. प्रत्येक वेळी डॉक्टरांचं बोट त्या गालावर, दुसऱ्या गालावर, जिभेच्या कडेला आणि मानेच्या दोन्ही बाजूंना फिरलंच पाहिजे. नुसता रिपोर्ट बघून पाठवत असतील तर खुर्चीतून उठू नका.